वातींचा डबा

फ्लेक्स आला तो रविवारी सकाळी, रिक्षाच्या टपावर बांधून. निघोज्यात आता फ्लेक्सचं कुणाला कौतुक राहिलेलं नाही. वाढदिवसाचे लागतात, निवडीचे लागतात, दहाव्याचे लागतात. कुत्र्याचं बारसं तेवढं राहिलंय. त्यातल्या निम्म्यांवर गोरक्षचे वडील नानासाहेब असतातच, पांढरी टोपी आणि काळा गॉगल. त्यामुळं गोरक्षनं ती गुंडाळी अंगणात आणून टाकली तरी कुसुमताईंनी ओट्यावरून मान वर केली नाही. त्या वाती वळत होत्या. मांडीवर कापूस, शेजारी पत्र्याचा जुना डबा.

“आई, बघ तरी! आरोहीच्या आजच्या सभेचा हाय. खाली माझं नाव टाकलंय, मित्र परिवार म्हणून.”

“तू वाचलास का पण?” सून सुप्रियानं दारातून विचारलं.

“वाचायचं काय त्यात? आरोहीनं मजकूर पाठवला, मी छापायला टाकला.”

छापण्याआधी वाचायची रीत या घरात नव्हतीच. गोरक्षनं गुंडाळी उलगडली. आधी त्याचाच हात जोडलेला फोटो आला, मग अक्षरं आली, आणि शेवटी दाराएवढा मोठा दादूचा चेहरा आला. धाकटा दीर. डावा गाल खाली ओघळलेला, डोळे कुठंतरी लांब लागलेले. कुसुमताईंच्या हातातली वात तशीच राहिली.

सुप्रियानं मोठ्यानं वाचलं. “हे माझे वडील. दारूच्या नशेत पडले. घरच्यांना वाटलं, उतरेल. साडेनऊ तास वाया गेले. डोक्याला मार लागला तर थांबू नका. डोक्याच्या दुखापतीच्या संशोधनाला साथ द्या.”

गोरक्षचा चेहरा पार उतरला. “हे... हे असं टाकायचं हुतं?”

“असंच टाकायचं होतं,” आरोही म्हणाली. ती मागच्या दारानं आली होती, दादूची लेक. पुण्यातल्या एका संशोधनाच्या कामावर होती. डोक्याला मार लागलेल्या माणसांची गावोगाव नोंद करायची, त्यांना तपासणीला न्यायचं, मार लागल्यापासून दवाखाना गाठेपर्यंत काय घडलं ते घरच्यांकडून लिहून घ्यायचं. चाकणच्या पट्ट्यातलीच चाळीस घरं तिला हवी होती. “दादा, पाच गावं फिरले मी. माणसं चहा पाजतात, बिस्किट देतात आणि आमच्यात असं कुणी नाही म्हणतात. आणि आतल्या खोलीत माणूस भिंतीकडं तोंड करून बसलेला मला दिसत असतो! चाळीस घरांतली मिळाली तीन. कुणीतरी आधी स्वतःचं सांगितल्याशिवाय लोक बोलणार नाहीत. मग मीच सांगते.”

“अगं, पण घरची लाज अशी चौकात टांगायची?” नानासाहेब ओसरीवरून बोलले. हातात पेपर होता, पण तो केव्हाचा उलटा होता.

“नाना, लाज वाटून वाटूनच आपली माणसं कोपऱ्यात बसलीत.”

“मला न्हाई पटत. फ्लेक्स लागायचा न्हाई.”

“लागंल,” असा एक बारीक आवाज आला आणि सगळे वळले. सरूबाई, दादूची बायको. ही बाई मोठ्या दिरासमोर नऊ वर्षांत धड दोन वाक्यं बोलली नव्हती. “आरोहीच्या संशोधनाच्या कागदावर माझी सही हाय. नवऱ्यानं केलं ते केलं. दुसऱ्या कुनाचा तरी जीव वाचंल. लागंल फ्लेक्स.”

एवढ्यात ओसरीच्या कोपऱ्यात बसलेला दादू खुर्चीवरून उठला. पाय ओढत फ्लेक्सपाशी गेला, वाकला आणि स्वतःचाच फोटो बघून अर्ध्या तोंडानं हसला. मग त्याचा उजवा हात वर गेला. कॉलरच्या आत बोटं घालून तो गळा चाचपू लागला, पुढून मागं, मागून पुढं. काहीतरी सापडत नसल्यासारखा.

“गार वाटतंय व्हय?” म्हणत सरूबाईनं त्याचं वरचं बटण लावलं. पौषाची थंडी होती खरी, पण सरूबाई हे वैशाखातसुद्धा विचारायची. दवाखान्यातल्या कागदांवर त्या हाताला ‘सवय’ असं लिहिलेलं होतं. मार लागलेल्या माणसांना लागतात म्हणे अशा सवयी.

कुसुमताईंनी डबा मांडीवर ओढून झाकण घट्ट लावलं. कापसाच्या तळाशी, फडक्यात गुंडाळलेली, दादूची तुळशीची माळ होती.

*

स्वयंपाकघराचं दार नानासाहेबांनी आतून लोटलं. आत तिघंच. बाहेर फ्लेक्सला बांबू ठोकल्याचा आवाज येत होता.

“मी तिकिटासाठी पळतोय,” गोरक्ष कुजबुजला. “आणि माझ्याच नावाखाली माझा चुलता दारुडा! विरोधकांना आयतं कोलीत.”

“दारुडा तर आधीपास्नंच हाय लोकांच्या लेखी,” नानासाहेब म्हणाले. “नवं काय त्यात? चार दिस बोलतील, गप बसतील. आपन काय बोलायचं न्हाई म्हंजे झालं.” मग बायकोकडं न बघता ते म्हणाले, “तू तर अजाबात न्हाई.”

“मी कधी बोलले?” कुसुमताई म्हणाल्या.

खरंच, त्या कधी बोलल्या होत्या? एकदाही नाही. हे आठवून त्यांना कानशिलापर्यंत गरम झालं.

ती बंदीची वर्षं होती. बैलगाड्यांच्या शर्यतींना कोर्टानं बंदी घातलेली, आणि नानासाहेबांच्या दावणीला चार खोंडं फुरफुरत उभी. मग पहाटे पहाटे, गावाबाहेरच्या एका माळावर, ओळखीतल्या ओळखीत गाडा पळवायचा. बैल जुंपायला दादूशिवाय पान हलायचं नाही. जनावर त्याचंच ऐकायचं. तो कंपनीतून दुसरी पाळी करून मध्यरात्री यायचा आणि पहाटे माळावर जायचा. त्या दिवशी जुंपता जुंपता एक खोंड बिथरलं, जू उसळून दादूच्या कानशिलावर बसलं आणि तो मागच्या मागं मुरमावर डोकं आपटून पडला. उठला. कपडे झटकले. सहाच्या सुमाराला स्वतःच्या पायांनी घरी आला, आणि दारात धावत आलेल्या कुसुमताईंना म्हणाला, “काय न्हाई झालं, वैनी. च्या टाक.”

त्याच्या तोंडून आलेलं ते शेवटचं धड वाक्य. कुसुमताई या घरात आल्या तेव्हा हा दीर आठ वर्षांचा होता. त्यांनी त्याला न्हाऊ घातलं होतं, त्याच्या डोक्यातल्या उवा काढल्या होत्या. त्याच डोक्यावर त्या दिवशी त्यांनी हळद चेपली आणि मग त्याच्यासाठी चहा टाकला.

दहा वाजता तो दोनदा ओकला. “दवाखान्यात न्या,” त्या म्हणाल्या होत्या, एवढं खरं. नानासाहेब म्हणाले, जरा थांब. कारण दवाखाना म्हणजे पोलीस, पोलीस म्हणजे शर्यत, आणि शर्यत म्हणजे माळावर असलेल्या सगळ्यांवर केस. आणि गोरक्ष पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत नुकताच पास झाला होता. पोरगं खाकीत दिसायचं स्वप्न आईलाही पडत होतं. त्या थांबल्या. त्यांनीच स्वतःला थांबवलं. बारा वाजता दादू घोरायला लागला, दोन वाजता हाक मारून उठेना, तीन वाजता पापणी उचलली तर एका डोळ्यातली बाहुली पसरून डोळा नुसता काळा दिसला. तेव्हा कुठं नानासाहेब घाबरले. पण एवढा उशीर का केला, हे डॉक्टर विचारणार! मग उपाय निघाला. दारू प्यायला, पहाटे गोठ्याच्या पायरीवरून पडला, आम्हाला वाटलं दारूत झोपलाय. गोरक्षनं बाटली आणली. नानासाहेबांनी ती बेशुद्ध भावाच्या शर्टावर ओतली. आणि मग त्यांची नजर दादूच्या गळ्याकडं गेली.

“माळ काढ. माळकरी प्यायला म्हनलं तर कोन इश्वास ठेवील?”

दादूला हात लावायचं धाडस दोघा पुरुषांत नव्हतं. कुसुमताईंनी त्याची मान उचलली आणि माळ काढली. बत्तिसाव्या वर्षी देहूला जाऊन त्यानं ती घातली होती. मग गावात जे झालं ते व्हायचंच होतं. बायको माहेरी लग्नाला गेली आणि यानं माळ उतरवून दारू ढोसली, असं सगळ्यांनी मानलं. भजनातून त्याचं नाव गेलं. सरूबाईनं मान खाली घातली ती घातलीच. आणि ज्याच्यासाठी हे केलं तो गोरक्ष लेखी परीक्षेत दोन मार्कांनी नापास झाला.

त्या दिवसापासून कुसुमताईंनी देहूची वाट सोडली होती. गुडघे दुखतात, असं सांगायच्या. रोज सकाळी देवाच्या वातीसाठी डब्यात हात घातला की बोटांना मणी लागायचे. दुसरीकडं कुठं ठेवता आली असती, पण ठेवली नाही. आणि बाहेरही काढली नाही.

“चला, उशीर व्हतोय,” नानासाहेबांनी दार उघडलं. “सभा आपल्याच नावावर बोलावलीय. जावं तर लागंल.”

ते दोघं पुढं गेले. कुसुमताई मागं राहिल्या. त्यांनी डबा उघडला, फडकं उचललं आणि कमरेला खोचलं. का, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

*

भैरवनाथाच्या सभामंडपात साठेक माणसं जमली होती. नानासाहेबांनी निरोप धाडलेला म्हणून आली होती, मेंदूच्या ओढीनं कुणी आलं नव्हतं. पुढं सतरंजीवर बाया, मागं खांबांना टेकून बापे, आणि उजवीकडं भजनी मंडळातली म्हातारी माणसं. ज्योतीराम बुवा वीणेच्या खांबापाशी बसले होते. दादूचं नाव मंडळातून काढलं ते त्यांनीच. दादूला सरूबाईनं पहिल्या रांगेत खुर्चीवर बसवलं होतं. दारातच फ्लेक्स होता. येणारा प्रत्येक जण आधी फोटो बघत होता, मग माणूस बघत होता आणि मग दुसरीकडं बघत होता.

पुण्याहून आलेली डॉक्टरीणबाई भली होती, पण दहा मिनिटं असं बोलली की अर्धी माणसं मोबाईलमध्ये गेली. मग प्रश्न आले.

“रक्त किती काढत्यात?”

“मेंदू काढून नेत्यात म्हनं, खरं का?”

“अहो, जिवंत माणसाचा कसा काढतील?” आरोही हसली. “वर्षातून दोनदा तपासणी. गाडी न्यायला येईल. आणि आम्हाला खरंखरं सांगायचं, कधी लागलं, कसं लागलं, दवाखान्यात कधी नेलं. एवढंच. हे कळलं तर पुढच्या माणसाला कसं वाचवायचं ते कळेल.”

कोंडीराम खांबापाशी उभा राहिला. याचा मुलगा तीन वर्षांपूर्वी मोटरसायकलवरून पडला होता आणि तेव्हापासून घराबाहेर दिसला नव्हता. “पोरी, तुझं काम चांगलं हाय,” तो म्हणाला. “पन ह्ये फ्लेक्सवर लिवलंय ते दारू पिनाऱ्यांचं हाय. आमच्या पोरानं कधी थेंब शिवला न्हाई. त्याला ह्या यादीत घालून उद्या लोक म्हनायचे, ह्येबी त्यातलंच. मला अजून एक पोरगी उजवायचीय.”

मागून “बराबर हाय, बराबर हाय” असं झालं. दोघं-तिघं उठून चपला शोधू लागले. आरोहीनं ते पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. कुसुमताईंना वाटलं, आता ही बसेल. बसली तर बरं, असंही वाटलं. देवाच्या दारात बसून त्यांना हे वाटलं.

पण आरोही बसली नाही. “थांबा,” ती म्हणाली. “माझं ऐका आणि मग जा. माझे वडील माळकरी होते. टाळ वाजवायचे इथंच, या खांबापाशी. मी आणि आई मामाच्या लग्नाला गेलो आणि मागं ते माळ काढून प्यायले. मी पंधरा वर्षांची होते. शाळेच्या बसमध्ये पोरं मला बाटली म्हणायची. मी दोन वर्षं वडिलांशी बोलले नाही. त्यांच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. ते ग्लास पुढं धरायचे, हात थरथरायचा, पाणी सांडायचं, आणि मी म्हणायचे, अजून उतरली नाही वाटतं!” तिनं डोळे पुसले. “आज सगळ्यांसमोर सांगते. मी माझ्या वडिलांना माफ केलंय. तुम्हीही तुमच्या माणसांना माफ करा, आणि बाहेर आणा.”

दादू लेकीकडं बघत होता. त्याचा हात गळ्याशी गेला होता.

माफ केलंय! नऊ वर्षं काय काय ऐकून घेतलं होतं कुसुमताईंनी. दारुडा ऐकलं, बाटगा ऐकलं, सरूच्या नशिबाला लागलेले बोल ऐकले, सगळं गिळलं. पण या पोरीनं मोठं मन करून त्याला माफ करावं? काही न केलेल्याला? त्यांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि गुडघ्यांवर हात टेकून त्या उभ्या राहिल्या.

“गोरक्षाची आई,” मागून नानासाहेबांचा दबका आवाज आला. “खाली बस.”

“आवं, चाळीस वर्सं बसलेच हाय की.”

मंडपात कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

“आरोही,” कुसुमताई म्हणाल्या, “तुझा बाप दारू प्यायला न्हवता.”

“मोठी आई, आता नको ना. लोकांसाठी काही—”

“ऐक माझं. प्यायला न्हवता. त्या दिशी न्हाई, त्याच्या आदी न्हाई, कधीच न्हाई. माळावर गाडा जुपताना त्याला जू लागलं. सकाळी. चालत घरी आला. आमी त्याला दवाखान्यात न्हेलं न्हाई. शर्यत उघडी पडंल म्हनून, गोरक्षाची भरती जाईल म्हनून. दिसभर घरात ठेवला. त्यो ओकला तरी ठेवला. मग उशीर का झाला ते सांगायला दारूचं काढलं. शर्टावर दारू ओतली.” त्यांनी दोन्ही हात पुढं केले. “आनि माळ त्यानं काढली न्हाई. मी काढली. ह्या हातानं.”

सरूबाई सतरंजीवर होती तशीच बसून राहिली. तिचे डोळे कुसुमताईंच्या हातांवर होते, चेहऱ्यावर नव्हते.

“येडी झालीय ती,” नानासाहेब उठले. “वय झालं, काय बी बोलती. चला, सभा संपली.”

“नाना,” गोरक्ष दारातून म्हणाला. तो आपल्याच नावाच्या फ्लेक्सला पाठ लावून उभा होता. कुसुमताईंनी त्याच्याकडं पाहिलं. हा बापाची बाजू घेणार, असंच त्यांना वाटलं. पण तो म्हणाला, “नाना, नको. बाटली मी आनली हुती.” आणि पंचवीस-तीस घरांच्या मतांसमोर तो तोंड झाकून मटकन खाली बसला.

नानासाहेबांनी खिशातून गॉगल काढला आणि लावला. भर मंडपात, सावलीत. त्याच्याआड त्यांचे डोळे काय करत होते ते कुणाला दिसलं नाही. ते जागचे हलले नाहीत, बसलेही नाहीत.

आरोही टेबलाला धरून उभी होती. डॉक्टरीणबाई तिच्या खांद्याला हात लावायला गेली तेव्हा तिनं तो बाजूला केला, समोरचा कागदांचा गठ्ठा ओढला, वडिलांच्या नावाचा कागद शोधला आणि पेन उघडलं. दुसरं काय करावं ते तिला त्या घटकेला सुचत नव्हतं, एवढंच.

“मोठी आई. किती वाजता लागलं?”

“साडेपाचला. उजाडायच्या आदी.”

“शुद्ध गेली होती?”

“न्हाई. बोलत हुता.”

“उलटी?”

“दहाला. दोनदा.”

“दवाखान्यात कधी?”

“तीनला. डोळा काळा पडल्यावर.”

आरोहीनं लिहिलं. मग तिचं पेन थांबलं. “इथं विचारलंय, उशिराचं कारण.” तिथं ‘मद्यपान’ला बरोबरची खूण आधीच होती, तिच्याच हातची. ती तिनं खोडली, इतक्या जोरानं की कागद फाटला. “काय लिहू? सांगा ना. काय लिहू मी इथं?”

“लिव,” कुसुमताई म्हणाल्या. “घरच्यांनी न्हेलं न्हाई.”

तेव्हा कोंडीराम खांब सोडून पुढं आला. निघून जायला काढलेली चप्पल त्याच्या हातातच होती. “ए पोरी,” तो म्हणाला, पण बोलला जमिनीकडं बघून. “माझं पोरगं गाडीवरनं न्हाई पडलं. शेडचा पत्रा बदलायला वर चढवलं हुतं, तिथनं पडलं. ठेकेदार म्हनला, गाडीवरनं पडला म्हना, न्हाईतर दवाखान्याचं तुमचं तुमी बघा. मी म्हनलं. दोन तास त्याला गेटच्या आत झाकून ठेवला हुता, मला ठावं हाय.” त्यानं नाक पुसलं. “लिव त्याचंबी. खरं लिव.”

त्याच्या मागं एक बाई उभी राहिली, डोक्यावरचा पदर दातात धरून. तिच्या मागं आणखी एक जण. कुणी कुणाच्या तोंडाकडं बघत नव्हतं. सकाळपासून ज्यांना बाहेर काढायला आरोही जीव टाकत होती ती माणसं आता आपसूक रांगेत येत होती आणि तिला त्याचं भानही नव्हतं. डॉक्टरीणबाईनंच कोरे कागद पुढं ओढले.

ज्योतीराम बुवांना उठायला वेळ लागला. “कुसुमताई,” ते म्हणाले, “माळ कुठाय?”

त्यांनी कमरेचं फडकं सोडलं. मण्यांना कापसाचे तंतू चिकटले होते. दादूनं ती पाहिली मात्र, त्याचा हात गळ्यावरून खाली आला आणि तो खुर्चीतच पुढं वाकला. मान खाली, डोळे मिटून. लहानपणी न्हाऊ घालताना वाकायचा, अगदी तसा. कुसुमताई दोन पावलं पुढं झाल्या.

“द्या हिकडं,” सरूबाई म्हणाली.

ती केव्हा उठली ते कुणाला कळलं नव्हतं. तिनं हात पुढं केला होता. “तुमच्या हातानं न्हाई.”

“सरू, मी—”

“ताई, मला काय बोलू नका. आज न्हाई, उद्या न्हाई. नऊ वर्सं मी ह्या मानसाचं तोंड हुंगत आले झोपताना. प्यायला का बघायला. तुमी शेजारच्या खोलीत हुता.” तिनं माळ कुसुमताईंच्या हातातून काढून घेतली, पदरानं एकेक मणी पुसला आणि नवऱ्याच्या गळ्यात घातली. मग बुवांकडं वळली. “चालंल न्हवं, बुवा? का पुन्यांदा देहूला जावं लागंल?”

“काय गरज न्हाई, माय,” बुवा म्हणाले. “त्यानं उतरवलीच न्हवती.” आणि ते दादूच्या पायांशी वाकायला लागले. दोघांनी त्यांना धरलं.

दादूचा हात वर गेला. बोटांना मणी लागले. तो थांबला, परत हात फिरवला, मणी होतेच. त्यानं मान उचलून इकडंतिकडं पाहिलं. समोर सरू होती, टेबलाशी लेक रडत होती, दारात गोरक्ष होता. पण त्याची नजर फिरत फिरत कुसुमताईंवर येऊन थांबली. त्या रिकामं फडकं धरून एकट्याच उभ्या होत्या. आजूबाजूची माणसं जरा लांब सरकली होती. एवढी रडवेली वहिनी त्यानं कधी पाहिली नसावी. त्याचं तोंड वाकडं झालं, जीभ अडखळली, मानेच्या शिरा ताठ झाल्या. आरोहीनं वर पाहिलं. दोन शब्दांपुढं बोलताना वडिलांना तिनं नऊ वर्षांत ऐकलं नव्हतं.

“काय... न्हाई झालं, वैनी,” दादू म्हणाला.

कुसुमताई तिथंच खाली बसल्या.

“च्या टाक,” तो म्हणाला.